आप्पांनी दिलेला शब्द

सही करायची की नाही, प्रश्न एवढाच होता. पण आप्पांच्या घरात कुठलाही प्रश्न एवढाच म्हणून राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आप्पांच्या बायकोच्या, माईंच्या, शेवटच्या आजारपणात डॉक्टर बदलायचा का, यावर या माणसांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून सबंध दिवस काथ्याकूट केला होता. आजही शटर अर्धंच ओढलेलं होतं. सुट्टीचा दिवस, शिलाई मशीनवर चादरी टाकलेल्या, आणि कापड कापायच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसलेले. दुकानामागच्या घरात बसायला चांगल्या खुर्च्या होत्या. पण चांगल्या खुर्च्यांवर बसून या घरात कुणाला मनासारखं भांडता येत नसे.

टेबलाच्या मधोमध शाळेनं दिलेला कागद होता. पंख्यानं उडू नये म्हणून आप्पांनी त्यावर मोठी कात्री ठेवली होती. कागदात काही फार लिहिलेलं नव्हतं. मुलीला पहिलीत प्रवेश मिळावा. तिच्या पायाच्या अडचणीसाठी पालक शाळेकडे कसलीही वेगळी सोय मागणार नाहीत. जिन्यावरून तिला नेण्या-आणण्याची जबाबदारी सर्वस्वी पालकांची राहील. खाली आईवडिलांच्या सह्या. उद्या सकाळी कागद पोचला तर जागा आप्पांच्या नातीची, नाहीतर दुसऱ्या कुणाची.

नातीचं शाळेच्या अर्जावरचं नाव काहीही असो, घरात ती 'बटण' होती. जन्मली तेव्हा आप्पांनीच ठेवलेलं नाव. डावा पाय गुडघ्याखाली जन्मापासून दुबळा. पायाला आधाराचा कॅलिपर चढवला आणि कुबडी घेतली की सपाटीवर ती चांगली चाले, जिना मात्र तिला साधत नसे. आणि शाळेत पहिलीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता.

ही जागा आप्पांनी मिळवली होती. शाळेच्या मोठ्या बाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. बाईंचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता आहे हे जगात फक्त आप्पांना ठाऊक होतं, कारण तो अस्तराखाली कसा भरून काढायचा हेही त्यांनाच ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात बाईंच्या कोटाचं माप घेताना त्यांनी विषय काढला. बाईंनी अट सांगितली. आप्पांच्या तोंडात तेव्हा टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की माणूस कमी बोलतो आणि चटकन कबूल होतो. आप्पांनी मान हलवून शब्द देऊन टाकला. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. दिलेल्या दिवशी कपडा म्हणजे दिलेल्या दिवशी कपडा.

"मी केली सही," धाकटा म्हणाला. तो बटणचा बाप, बसवर ड्रायव्हर. त्याला दिवसभर गर्दीतून वाट काढावी लागे, त्यामुळे घरी आल्यावर रस्ता मोकळा असावा एवढीच त्याची इच्छा असे. "आता तू कर आणि विषय मिटव."

"मी नाही करणार," त्याची बायको म्हणाली. धाकटी सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करी. रागावली की तिचा आवाज चढण्याऐवजी उतरायचा, आणि आज तो फारच खाली गेला होता.

"अगं, गरज आपल्याला आहे. अडला हरी..."

"अडलंय कोण? कायदा आपल्या बाजूनं आहे. ताई, तुम्ही सांगा ह्यांना. तुमच्या शाळेत तुम्हाला शिकवलंय ना सगळं?"

ताई म्हणजे आप्पांची थोरली लेक. दुसऱ्या एका शाळेत शिक्षिका. सगळ्या भावंडांत तिचा शब्द शेवटचा मानायची पद्धत होती, आणि ती पद्धत तिनंच पाडली होती. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कायदा साधा आहे," ती म्हणाली. "अपंग आहे म्हणून कुठल्याही मुलाला शाळेनं नाही म्हणायचं नाही. इतर मुलांबरोबर, त्याच वर्गात बसवायचं. आणि त्याला जे लागेल, म्हणजे खालचा वर्ग, उतार, मदतीला माणूस, ते शाळेनं बघायचं. पालकांनी नव्हे."

'अपंग' शब्द आल्याबरोबर आप्पांनी मागच्या दाराकडे पाहिलं. बटण तिथं उंबऱ्याशी चिंध्यांच्या ढिगात बसून रंग वेगळे करत होती. हा शब्द आप्पांनी स्वतः कधी तोंडातून काढला नव्हता. पायाची अडचण, ते म्हणत.

"झालं तर!" धाकटी म्हणाली. "मग हा कागदच कायद्याविरुद्ध आहे."

"आहे," ताई म्हणाली. "तरी तू सही कर."

धाकटीनं तिच्याकडे असं पाहिलं की आप्पांना स्वतःच्याच लेकीचा क्षणभर राग आला, जरी ती त्यांच्याच बाजूनं बोलत होती.

"मी वर्गात उभी असते गं रोज," ताई म्हणाली. "कायदा करणारे नसतात उभे. तक्रार केलीस तर चौकशी होईल, तारखा पडतील, आणि पोरगी घरी बसेल. तोवर ही जागाही जाईल. तेलही जाईल, तूपही जाईल, हाती धुपाटणं. गेल्या वर्षी माझ्याच वर्गात एक मुलगी आली, कानानं कमी ऐकू येणारी. कायद्यानं आली. शाळेनं यंत्र देऊ म्हटलं, दिलं नाही. माणूस देऊ म्हटलं, दिला नाही. मी एकटी, समोर खच्चून भरलेला वर्ग. फळ्याकडे तोंड केलं की त्या पोरीला माझं बोलणं कळायचं नाही, आणि फळ्याकडे तोंड न करता मी शिकवू कशी? वर्षभर बसली बिचारी कोपऱ्यात. प्रवेश मिळाला, शाळा काही मिळाली नाही तिला."

"मग तुम्ही माझंच बोलताय, ताई."

"तुझं कसं?"

"नुसता प्रवेश घेऊन काही होत नाही, हेच ना? त्या मुलीला जे द्यायला हवं होतं ते कुणी मागितलं नाही. इथं तर आम्ही मागणारच नाही असं आधीच लिहून द्यायचंय. मग हिच्याही नशिबी कोपराच."

ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं तोंड असं मिटलेलं धाकट्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो नकळत खुर्चीत जरा सरळ बसला.

आप्पांना वाटलं, आता आपण बोलायला हवं. त्यांनी टेबलाखालून कागदात गुंडाळलेली पँट काढली आणि टेबलावर पसरली. शाळेचा गणवेश. झगा किंवा पँट, मुलींना दोन्ही चालायचं. आप्पांनी पँट निवडली होती. डाव्या पायाला आतून जास्तीचं कापड सोडलं होतं, पण चुणी अशा ठिकाणी घातली होती की पँटच्या तळाशी दोन्ही मोहऱ्या सारख्याच वाटाव्यात. आत पट्ट्यांसाठी मऊ अस्तर. हातशिलाईचे टाके कुठं संपतात ते दिसत नव्हतं. डोळ्यांनी आताशा साथ सोडली होती, तरी या कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"बघ तरी," ते सुनेला म्हणाले. "आत कॅलिपर आहे हे कुणाच्या बापाला कळणार नाही. वर्गात बसलेली असली म्हणजे चारचौघींसारखी दिसेल. जिन्यावरून मी नेईन, मी आणीन. तेवढ्या वेळात दुकान काही पळून जात नाही."

धाकटीनं पँट हातात घेतली, उलटी करून शिवण पाहिली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. "आप्पा, फार सुंदर झालीय. पण कळायला नको कशाला?"

"अगं, पोरं चिडवतात! झाकली मूठ सव्वा लाखाची. मी काय नवीन करतोय का हे? मधल्याचं नाही केलं? त्याला चिडवलं कधी कुणी? विचार त्याला."

सगळ्यांनी मधल्याकडे पाहिलं. आप्पांचा हा मधला लेक काज करायच्या मशीनजवळ स्टुलावर बसला होता, एका कडेला, जसा तो नेहमी बसे. तो बँकेत काउंटरवर काम करी. त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड होता. लहानपणी आप्पांनी बुटाची टाच आतून चढवून घेतली, पँटची लांबी अशी बेतली की चालताना हिसका दिसू नये, आणि पुढंही त्याची एकही पँट बाहेर शिवू दिली नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेला, बँकेतल्या लोकांना, कुणालाच कधी कळलं नाही. आयुष्यात केलेल्या कामांपैकी या एका कामाचा आप्पांना खरा अभिमान होता.

"नाही," मधला म्हणाला. "चिडवलं नाही कधी कुणी."

"ऐकलंस?" आप्पा म्हणाले.

"ऐकलं," धाकटी म्हणाली. "मग मला एवढंच सांगा. शाळेचं संडास-बाथरूम खाली आहे. वर्ग वर. तुम्ही सकाळी तिला वर पोचवणार आणि सुटल्यावर आणायला जाणार. मधे तिला लघवीला लागली तर?"

धाकटा कागदावरच्या कात्रीशी चाळा करू लागला. ताई म्हणाली, "शिपायाला सांगता येईल..." आणि शिपायाला सांगणं म्हणजेच सोय मागणं, हे तिच्याच ध्यानात येऊन थांबली.

उंबऱ्याकडून बटणचा आवाज आला.

"मी पाणी पिणारच नाही ना. मला जमतं. मी काल पण नव्हतं प्यायलं, परवा पण नाही. आधी तोंड कोरडं पडतं, मग काही वाटत नाही."

ती मोठ्या शहाणपणानं बोलली होती. घरातल्यांची अडचण आपण सोडवली, अशा थाटात. तिच्या आईनं तोंडावर हात दाबून धरला. धाकट्याच्या हातातली कात्री टेबलावर आपटली आणि कागद पंख्याच्या वाऱ्यानं भिरभिरत खाली गेला. उचलायला कुणी वाकलं नाही.

"मीही नाही प्यायचो," मधला म्हणाला.

आधी कुणाला कळलंच नाही की तो बोलला. घरच्या बैठकीत त्यानं न विचारता बोलायचा प्रघात नव्हता.

"माझी गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला. "मला जिना चढता यायचा. पण नळापर्यंत सगळ्यांच्या देखत चालत जावं लागायचं. टाच चढवलेली, पँट बेतलेली, सगळं खरं. पण घाईत चाललं की हिसका दिसायचाच. म्हणून मी मधल्या सुट्टीत उठायचोच नाही. अजून उठत नाही. बँकेत सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो आणि सगळे गेल्यावर निघतो. साहेबांना वाटतं, काय कामसू माणूस आहे."

"पण तुला चिडवलं नाही कुणी," आप्पा म्हणाले. आपला आवाज त्यांना स्वतःलाच कसासा वाटला.

"चिडवलं नाही. मारलं. कवायतीच्या मास्तरांनी. पळायला मागे राहतो म्हणून. आळशी आहे म्हणायचे, मुद्दाम करतो म्हणायचे. दर आठवड्याला छडी. त्यांची तरी काय चूक? पाय माहीत असता तर नसतं मारलं त्यांनी. माणूस तसा वाईट नव्हता."

ताईनं टेबलाची कड घट्ट धरली होती. तीही त्याच शाळेत होती, त्याच्यापुढच्या वर्गांत. "मला का नाही सांगितलंस रे?" ती पुटपुटली.

आप्पांच्या डोळ्यांपुढं तो लहान मुलगा आला, संध्याकाळी शाळेतून येऊन याच टेबलाखाली शिरून बसणारा. दमला असेल, असं म्हणून ते कात्री चालवत राहत. "मला सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी गेलो असतो शाळेत. हात मोडला असता त्या मास्तराचा! मला सांगायचं होतंस तू!"

मधल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर आप्पांना सोसला असता.

"तुम्हीच म्हणाला होता ना आप्पा," तो म्हणाला, "कुणालाही सांगायचं नाही म्हणून."

बटण कुबडीवर ठक ठक करत आली, खाली पडलेला कागद उचलायला वाकली, तो काही तिला उचलता आला नाही, तेव्हा तिनं कुबडीच्या टोकानं तो आजोबांच्या पायाशी सरकवला. आप्पांनी कागद घेतला. धाकट्यानं केलेली सही त्यांनी नीट वाचली. मग कागदाची घडी घालून ती सुनेच्या हातात दिली.

"तुझ्या मनात आहे तसं कर," ते म्हणाले. "शब्द मी दिलाय. तो परत घ्यायलाही मीच येतो."

"आप्पा, जागा जाईल," धाकटा म्हणाला, पण त्यात आता जोर नव्हता.

"जाईल कदाचित," ताई म्हणाली. "गेली तर तक्रारीचा अर्ज मी लिहिते. काय काय मागायचं ते मला चांगलं माहीत आहे. मी कधी मागितलं नाही, एवढंच."

सकाळी आप्पा, धाकटी आणि बटण शाळेत गेले. मोठ्या बाईंची खोलीही वरच. मागच्या वेळी धाकट्यानं लेकीला पाठुंगळी घेऊन तिथवर नेलं होतं. आप्पा जिन्याशी पोचले, जिन्याकडे पाहिलं आणि खाली भिंतीलगतच्या बाकावर बसले. बटणला शेजारी बसवलं.

"बाई वर आहेत," शिपाई म्हणाला.

"असू देत. त्यांना म्हणावं, आम्हाला वर येता येत नाही. त्यांनी खाली यावं."

बाई आल्या, पण वेळानं आल्या, आणि कपाळाला आठी घालून आल्या. आप्पा उठून उभे राहिले. या बाईंपुढं ते नेहमी टेप गळ्यात घालून, थोडे वाकूनच उभे राहत; आज गळ्यात टेप नव्हती आणि हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

"कागद आणलात?" बाईंनी विचारलं.

"आणलाय. पण सही करणार नाही आम्ही."

"आप्पा, तुम्ही शब्द दिला होता मला."

"दिला होता. चूक झाली. तो माझा नव्हता द्यायचा." पुढचं वाक्य आप्पांनी रात्रभर मनात घोळवलं होतं, तरी ते जिभेवर येईना. "माझी नात अपंग आहे, बाई. तिला जिना चढता येत नाही. पहिलीचा वर्ग तुम्हाला खाली आणावा लागेल. खालीच संडास आहे, तोही तिला वापरता येईल असा करावा लागेल. कायदा आहे म्हणे तसा. मला कायद्यातलं कळत नाही, माझ्या सुनेला कळतं."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला. असं एकदम होत नाही हो. खाली सभागृह आहे, वाचनालय आहे. माझ्याकडे माणूस नाही. मी माझ्यावरच्या कुणाकुणाला उत्तरं देऊ?"

"तुमची अडचण खरी असेल," धाकटी म्हणाली. "आम्ही मागायला येऊ तुमच्याबरोबर, जिथं मागायचं तिथं. पण नाही म्हणायचं असेल तर तसं लेखी द्या. या कारणासाठी या मुलीला आम्ही घेत नाही, असं. मी ते घेऊन पुढं जाईन."

बाई नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. लेखी द्यायची गोष्ट निघाल्यावर माणूस विचारात पडतो, तशा त्या पडल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि जिन्यावरून मुलांचा लोंढा धडधडत उतरला. बहुतेक सगळी नळाकडे धावली. एक मुलगी मात्र बाकापाशी थबकली. बटणनं आज झगा घातला होता; पँट घालायची की झगा ते तिनंच सकाळी ठरवलं होतं. गुडघ्यापासून खाली कॅलिपरच्या पट्ट्या, सळ्या, जाड बूट, सगळं उघडं होतं.

"हिच्या पायाला काय झालंय?" त्या मुलीनं आप्पांना विचारलं.

आप्पांचं तोंड उघडलं. काही नाही गं बाळ, पडलीय जराशी, असली उत्तरं आयुष्यभर त्यांच्या जिभेच्या टोकावर तयार असत.

"तिलाच विचार," ते म्हणाले.

"माझा हा पाय पहिल्यापासून असाच आहे," बटण म्हणाली. "हे घातलं की मी उभी राहते. जिना नाही चढता येत. तुझा वर्ग कुठंय?"

"वर."

"माझा खाली येणारे," बटण म्हणाली.

"बरंय बाई तुझं," ती मुलगी म्हणाली आणि पाणी प्यायला पळाली. बटणनं आईकडे वळून, मलाही पाणी हवंय, असं सांगितलं. धाकटी तिला हाताला धरून नळाकडे घेऊन गेली. मोठ्या बाई त्या दोघींकडे बघत उभ्या राहिल्या.

आप्पा बाकावर बसले. एवढं साधं बोलणं होतं ते. विचारणारीनं विचारलं, सांगणारीनं सांगितलं आणि दोघी पाणी प्यायला गेल्या. आपल्या मधल्याला आपण एवढं कधी बोलू दिलं नाही, हे मनात येऊन म्हातारा शाळेच्या त्या बाकावर, सगळ्या मुलांच्या देखत, मोठ्यानं रडू लागला.